द्राक्षांच्या गावात एक कोयता

सन दोन हजार एकोणीस, वैशाख संपत आलेला. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर, माळावर, सहकारी दूध संस्थेने दुष्काळातली गुरांची छावणी काढली होती. जनावरं तिथं, म्हणून माणसंही तिथं. सकाळी शेणाचा ट्रॅक्टर भरून जायचा. किस्से मात्र जागेवरच साठायचे. चारा टाकला, पाणी दाखवलं की दिवसभर दुसरं काम नाही. बिनकामाची चार म्हातारी एका सावलीत बसली की महिन्याभरात किश्शांचा उकिरडा होतो! त्यातला हा एक ढीग. सगळा एकाच माणसाचा आहे. दगडूचा.

मी ऊसतोडीचा मुकादम होतो. उभी हयात टोळ्या नेल्या. आता नेत नाही, पण लोक मुकादमच म्हणतात. म्हणावंच.

*

दगडूच्या म्हशीने एक दिवस खाद्याबरोबर कागद चघळायला घेतला. दगडूने तिच्या तोंडातून तो ओढून काढला. पशुखाद्याच्या पोत्यात निघालेलं कूपन होतं. लाळेने भिजलेलं, पण वाचता येत होतं. वाचायचं काम बाबूरावचं. तो दूध संस्थेचा जुना सेक्रेटरी. निवृत्त झाला तरी सेक्रेटरीपण गेलं नव्हतं.

"अभिनंदन!" बाबूरावने मोठ्याने वाचलं. "दोन व्यक्तींसाठी नाशिकच्या वाईन प्रदेशात दोन रात्रींचा निवांत मुक्काम. खालील तीनपैकी एक ठिकाण आपण निवडावे."

"पयलं बक्षीस काय हुतं?" दगडूने विचारलं.

"मोटारसायकल."

"मग ही मुक्कामाची वळ तिनं कावून न्हाई खाल्ली?" दगडू म्हशीवर चिडला. "मुक्काम तर मी हितंच करतोय की!"

बाबूराव कायद्याचा माणूस. तो म्हणाला, "तसं बघितलं तर बक्षीस म्हशीचं हाय. खाद्य तिनं खाल्लं."

दगडूने विचार केला. म्हणाला, "तिचं काय न्हाई, ती यील बी. दुसरं माणूस कुठून आणू?"

दुसऱ्या माणसाचंच अवघड होतं.

*

दुसरं माणूस म्हणजे गयाबाई. दगडूची बायको. ती रोज दुपारी भाकरी घेऊन छावणीवर यायची, गाठोडं दावणीवर ठेवायची आणि जायची. नवऱ्याजवळ बसायची नाही.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता म्हणून धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते आणि जोडीनेच फेडायची असते. एका वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच दगडूच्या पायावर कोयता बसला. तो पाचटाच्या झोपडीत, कोपीत, पडला तो हंगाम संपेपर्यंत पडला. गयाबाईने एकटीने ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून ट्रकात चढवल्या. वर स्वयंपाक, पाणी, दगडूचा पाय धुणं. एका बाईने अख्खा कोयता ओढला. मी मुकादम होतो, मी पाहिलं आहे.

तेव्हापासून दगडू काही बोलायला लागला की ती एकच सांगायची. "माझा एक हंगाम तुमच्याकडं हाय. आधी तो फेडा."

दगडू फेडायला तयार होता, पण कशाने ते त्याला कळत नव्हतं. एकदा लुगडं आणलं. तिने नेसलं आणि म्हणाली, "हे लुगडं झालं. हंगाम ऱ्हायला."

मला एकट्याला गाठून तो म्हणायचा, "मुकादम, मरायच्या आधी हे मिटवा. न्हाईतर वर बी हेच ऐकावं लागंल."

म्हणून त्या दिवशी गयाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा मीच तिला कूपनाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"हाटेलात न्हेऊन हंगाम फिटतो का, मुकादम? तुमीच सांगा."

मी म्हणालो, "न्हाई. काम कामानंच फिटतं. तिथं सगळं काम हा करंल. तू पलंगावर बसून ऱ्हायाचं, काडी उचलायची न्हाई. मग फिटला का न्हाई, ते तुझं तू ठरव."

ती दगडूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जागा मी बघणार."

दगडूला एवढा आनंद झाला की त्याने भाकरी म्हशीपुढे ठेवली!

*

मग जागा बघायला सुरुवात झाली. मोबाईल बाबूरावचा, निकाल गयाबाईचा.

पहिलं ठिकाण द्राक्षाच्या मळ्यात होतं. बाबूराव वाचत होता, "निसर्गाच्या कुशीत राहण्याचा अस्सल अनुभव. वेलींच्या मधोमध कापडी तंबू. छतातून चांदणं दिसतं. जेवण चुलीवर."

"चुलीवर?" गयाबाईने विचारलं.

"हां. आन् खाली जमिनीवर गादी."

"फोटू दाखवा."

बाबूरावने दाखवला. तंबू होता, आत कंदील होता, बाहेर चूल होती. एक गोरी बाई चुलीपुढे बसून हसत होती.

गयाबाई म्हणाली, "ही हसती कावून?"

बाबूराव म्हणाला, "लोक लांबून येतात, काकी. महिना महिना आधी बुकिंग करावं लागतं."

"कोपीत जन्म काढला, आमचं बुकिंग कुणी केलं न्हाई," गयाबाई म्हणाली. "फुडचं बघा."

*

दुसरं ठिकाण धरणाच्या काठावर होतं. सगळ्या भिंती काचेच्या. पलंगावर पडलं की समोर पाणीच पाणी. दगडूला आवडलं. न्हाणीघराचीही भिंत काचेची निघाली तेव्हा मात्र तो दचकला.

"आंगुळ करताना बाहेरचं दिसतं म्हंजी बाहेरून बी दिसत आसंल की!"

"बाहेर कुणी नसतं," बाबूराव म्हणाला. "नुसतं धरण."

तेवढ्यात टँकर घेऊन लालाभाई आला. छावणीला पाणी तोच आणायचा. मूळचा माजलगावचा. त्याने पाईप हौदात सोडला आणि फोटो बघितला.

"कब का फोटू है?"

"आत्ताचाच. खाली लिहिलंय, उन्हाळ्यातही भरलेला जलाशय."

लालाभाईचा चेहरा बदलला. "हमारे माजलगाव के डॅम में कीचड है, आन् हे लोक वर पानी अडवून त्याच्यात नाव चालवतात?"

"नाव न्हाई, लालाभाई. नुसतं बघतात."

"वो तो और बुरा!"

हां हां म्हणता सावलीत सभा भरली. कुणी म्हणालं निषेध करा, कुणी म्हणालं मोर्चा काढा, बाबूराव म्हणाला ठराव लिहून घेतो. तिकडे हौद भरून पाणी बाहेर वाहायला लागलं.

गयाबाईनेच उठून टँकरचा कॉक बंद केला. म्हणाली, "आधी आपलं पाणी सांभाळा. आन् त्या काचेच्या घरात मला झोप लागायची न्हाई. रात्रभर वाटंल, उठावं आन् घागर भरून घ्यावी."

*

राहिलं तिसरं. मळ्यातला बंगला. मोजक्याच खोल्या, वर कौलं, पुढे ओटा. खाली ठळक लिहिलं होतं की इथे लहान मुलांना प्रवेश नाही. हे काय आहे ते कळेना, म्हणून फोन लावला. मॅनेजर पोरगी होती. गोड बोलत होती.

दगडूने विचारलं, "बाई, पोरं न्हाईत तर पोरं जातात कुठं?"

"काका, गेस्ट त्यांना घरी ठेवून येतात. शांतता मिळावी म्हणून."

"घरी कुणापशी?"

"आजी-आजोबांकडे."

"आन् आजी-आजोबाच यायचे आसतील तर?"

पोरगी हसायला लागली. मग म्हणाली, "या ना काका!"

मग फोन मी घेतला. टोळी कुठे उतरवायची ते आयुष्यभर मीच ठरवत आलो आहे. विचारायचं ते विचारलं. "जमीन उताराची हाय का?"

"सर, लॉन आहे."

"शेजार कुणाचा?"

"कुणाचाच नाही सर. पूर्ण प्रायव्हसी. तुम्हाला कुणी दिसणार नाही, तुम्ही कुणाला दिसणार नाही."

"मग साप निघाला तर हाक कुणाला मारायची?"

"सर, रूममधून नऊ नंबर डायल करा."

मी हे छावणीला सांगितलं. दगडू म्हणाला, "नऊ दाबेस्तोवर साप थांबतो का, इचारा."

गयाबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होती. म्हणाली, "भिंती कशाच्या हायत?"

"दगडाच्या," बाबूराव म्हणाला.

"आन् दाराला आतून कडी?"

मी फोनवर विचारलं. कडी होती.

"मग हेच," गयाबाई म्हणाली.

*

जायचं लालाभाईच्या जीपमधून ठरलं. टँकरवर दुसरा ड्रायव्हर होता. मीही निघालो. जागा पाहिल्याशिवाय मी कोयता कधी सोडला नाही, तेव्हाही सोडणार नव्हतो. म्हैस बाबूरावच्या ताब्यात दिली. अख्ख्या छावणीत तिलाच तेवढा सेक्रेटरी होता!

बंगल्यावर पोचलो. मॅनेजर पोरगी हात जोडून पुढे आली. दगडू आणि गयाबाईला गळ्यात हार घातले, खोलीची किल्ली दिली. मग ती माझ्याकडे आणि लालाभाईकडे वळली.

"आणि तुम्ही दोघं? सॉरी, आमच्याकडे फक्त कपल्स घेतो." पोरगी शिकलेली होती, मन मोठं होतं. हळूच म्हणाली, "म्हणजे... तुम्ही कपल असाल तर आम्हाला काही अडचण नाही."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. लालाभाईला कळलं. तो दोन पावलं मागे सरकला.

"तोबा! तोबा! ये मुकादम है!"

"असू दे ना काका," पोरगी म्हणाली, "आम्ही कुणाचा व्यवसाय विचारत नाही."

आम्ही फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या लिंबाखाली जीप लावली. त्या प्रवासात लालाभाई नंतर माझ्याशेजारी बसला नाही. जेवतानासुद्धा!

*

संध्याकाळी वाईन चाखायला सगळ्यांनाच बोलावलं. मी दारूला शिवत नाही. बघायला गेलो. काळ्या जाकिटातला एक माणूस ग्लासात तळाला लागेल एवढीच ओतत होता.

"आधी ग्लास फिरवा. मग वास घ्या. मग घोट तोंडात घोळवा. आणि मग या भांड्यात टाकला तरी चालतं."

"नासली का?" दगडूने विचारलं.

"नाही सर, आमची सगळ्यात उत्तम आहे."

"मग थुकायची कावून?"

"म्हणजे पुढची चाखता येते."

"ती बी थुकायची?"

"हो सर."

दगडू माझ्याकडे वळून म्हणाला, "मुकादम, आपल्याकडं पिऊन थुकत्यात. हितं थुकायसाठी पित्यात."

गयाबाई पिणार नव्हती. त्या माणसाने गळ घातली. "काकू, नुसता वास तरी घ्या. कुणाला चेरीचा येतो, कुणाला लाकडाचा, कुणाला पावसानंतरच्या मातीचा. तुम्हाला कशाचा येतो?"

तिने ग्लास नाकाशी धरला. "कारखान्याच्या मळीचा."

जाकिटवाल्याचं तोंड पडलं. मळी म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. साखर काढून उरलेला काळा रस.

"वाईट न्हाई म्हणत, बाबा," गयाबाईने त्याची समजूत घातली. "हाच वास नाकात घेऊन मी इतकी वर्सं भाकरी भाजली. पण आमाला कुणी ग्लासात घालून दिला न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू पाय ओढत फाटकाशी आला. चेहरा उतरलेला.

"मुकादम, घात झाला."

"काय झालं?"

"काम न्हाई हो हितं! पाणी आणावं म्हणलं तर नळ भिंतीतून येतो, थंड बी आन् ऊन बी. च्या करावा तर पोरगं कपबशी घेऊन दारात उभं. अंथरूण काढावं तर बाई येऊन चादर ओढून गेली. मी झाडायला खराटा मागितला, तर म्हणले काका, तुमी पाहुणे. भांडी घासतो म्हणून सैपाकघरात गेलो, तर हाताला धरून बाहेर काढलं."

"आन् गयाबाई?"

"तुमी सांगितल्यापरमानं पलंगावर बसलीया. काडी उचलत न्हाई. पण मी बी काडी उचलत न्हाई! ती मघाशी म्हणली, 'म्हंजी तुमी परत कोपीतच पडलाव म्हणा की.'"

मी फाटकातून आत नजर टाकली.

"कुठं काम हाय का बघा, मुकादम," दगडूने हात जोडले. "काय बी चालंल."

आयुष्यात हजारो माणसांनी माझ्याकडे काम मागितलं. इतक्या काकुळतीला कुणी आलं नव्हतं. आणि तेही बक्षिसाच्या हॉटेलात!

मी आत जाऊन मॅनेजर पोरीला विचारलं. ती म्हणाली, "सर, सगळा स्टाफ फुल आहे."

*

आता शेवटचा किस्सा.

त्या खोलीच्या न्हाणीत पांढरा टब होता. आमच्या छावणीतल्या हौदाएवढा नाही, पण म्हैस उभी राहील एवढा. गयाबाईने त्याच सकाळी त्यात पाणी सोडलं. काठोकाठ भरला. मग ती आत बसली. केवढा वेळ बसली ते दगडूने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेर आली, केस पुसले आणि टबाकडे बघत उभी राहिली.

खोली झाडणाऱ्या बाईने बूच काढायला हात घातला. गयाबाईने तिचा हात धरला.

"हे पाणी कुठं जातं?"

"गटारात, काकी."

"मग जाऊ द्यायचं न्हाई."

तिने दगडूला हाक मारली. "अवो, बादली घ्या."

आम्ही होतो त्या रस्त्याच्या कडेने नवी झाडं लावली होती. पानं करपलेली, आळी कोरडी. मळ्याला ठिबक होतं, फाटकाबाहेरच्या झाडांना कुणी नव्हतं. दगडू बादली घेऊन आला. पाय ओढत, अर्धी सांडत. पहिल्या झाडाला ओतली. परत गेला. दुसरी आणली. गयाबाई ओट्यावर वेताच्या खुर्चीत येऊन बसली, पाय स्टुलावर टाकून. तिथून तिला सगळी रांग दिसत होती.

"सांडू नका," ती म्हणाली. "बुडाशी वता. पानावर नगं."

टब रिकामा झाला. दगडू घामाने निथळत ओट्याशी आला. "झालं."

"भरा परत."

"अगं, आत्ताच न्हालीस की!"

"न्हाले. आता परत न्हाते."

टब परत भरला. ती परत न्हायली. परत खुर्चीत येऊन बसली. दगडू परत बादली घेऊन निघाला.

दुपारी मॅनेजर पोरगी धावत आली. तिच्याबरोबर दोन गडी होते, पाण्याची नळी होती. "काका, ठेवा ते, प्लीज! बाकीचे गेस्ट बघतायत. ही माणसं घालतील झाडांना पाणी."

दगडू थांबला. त्याने ओट्याकडे बघितलं. नळी समोर होती, गडी समोर होते. हो म्हटलं असतं तर सुटला असता.

"न्हाई," दगडू म्हणाला. "हे माझं काम हाय, बाई." आणि लंगडत पुढे गेला.

पोरगी माझ्याकडे आली. "सर, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. हे काय चाललंय?"

"तुमची जागा नवराबायकोसाठी हाय न्हवं?"

"हो सर."

"मग नवराबायकोचंच चाललंय."

लालाभाई उठला होता, बादलीला हात लावायला. मी त्याला बसवला.

उन्हं कलली. द्राक्षाच्या वेलीवर घड नव्हते, नुसती पानं. त्या पानांवरचं ऊन गेलं तरी दगडूची ये-जा चालू होती. आता तो सांडत नव्हता. गयाबाई सूचना करायची थांबली होती. नुसती बघत होती. त्याचा तो पाय टेकला की तिची मान हलायची.

शेवटच्या झाडाला शेवटची बादली ओतून दगडू ओट्यापाशी आला. बादली पालथी घातली.

गयाबाईने स्टुलावरून पाय खाली घेतले आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "फिटला हंगाम."